रानवाटांचा यात्रिक

इ. स. १८४९ च्या वसंत ऋतूतील गोष्ट. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एका निर्जन भागात स्कॉटलंडहून आलेले एक कुटुंब येऊन उतरले. सभोवती ओक वृक्षांचे विरळ रान होते. उंचवट्याच्या पायथ्याशी एक लहानसे सरोवर पसरले होते. त्याच्या काठच्या ओल्या कुरणातून झऱ्यांचे पाणी झुळझुळत येऊन त्याला मिळत होते आणि उन्हाळ्यात त्याच्या पृष्ठभागावर शुभ्र कमळे डोलत असत. गाडी थांबते न थांबते तोच एका अकरा वर्षांच्या मुलाला झाडावर ब्ल्यू जे नावाच्या निळ्या पक्ष्याचे घरटे दिसले. त्याने व त्याच्या धाकट्या भावाने गाडीतून उडी टाकली आणि ते झाडाकडे धावत सुटले. या मुलाचे नाव जॉन म्यूर. ज्या सरोवराच्या काठी तो उभा होता, त्याला पुढे त्याच्या घरच्या मंडळींनी फाउंटन लेक, म्हणजे झऱ्यांचे सरोवर, असे नाव दिले. त्या दिवशी मुलाचे व सरोवराचे जे नाते जडले, ते जन्मभर टिकले.

जॉनचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. आठ भावंडांत तो तिसरा. वडील डॅनिएल म्यूर धान्याचा व्यापार करीत. ते अतिशय धर्मनिष्ठ, परंतु तितकेच कडक स्वभावाचे होते. पाठांतरात चूक झाली की छडी ठरलेली. अशा धाकात अकराव्या वर्षापर्यंत बायबलाचा फार मोठा भाग जॉनला मुखोद्गत झाला होता. मात्र सवड सापडताच तो समुद्रकिनाऱ्यावर किंवा शेतांच्या बांधांवर भटकत असे. घरी परतल्यावर मार बसणार हे ठाऊक असूनही त्याचे पाय घरात ठरत नसत.

एके दिवशी सायंकाळी जॉन व डेव्हिड हे दोघे भाऊ आजोबांच्या घरी अभ्यास करीत बसले असता वडील आले आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेला निघावयाचे आहे, असे त्यांनी सांगितले. मुले आनंदाने नाचू लागली. आजोबा मात्र खिन्न झाले. नव्या देशात या कोवळ्या मुलांच्या वाट्याला किती कष्ट येणार, हे त्या अनुभवी वृद्धाला दिसत होते. आठवण म्हणून त्यांनी मुलांच्या हातावर सोन्याचे नाणे ठेवले आणि त्यांना निरोप दिला.

आजोबांची भीती अगदी खरी ठरली. रान तोडून शेत तयार करावयाचे, खोडांच्या मुळ्या उपटावयाच्या, नांगर धरावयाचा, अशी कामे जॉनला बाराव्या वर्षापासून करावी लागली. त्या वेळी त्याचे डोके नांगराच्या मुठींच्या वर जेमतेम येत असे. सुगीच्या दिवसांत सूर्योदयापूर्वी सुरू झालेले काम रात्र पडेपर्यंत चाले. या कष्टांतून विसावा मिळे तो सरोवराच्या काठी. वडिलांनी मुलांना पोहणे शिकविले नाही. बेडूक कसे पोहतात ते नीट पाहा आणि तसेच करा, एवढेच सांगितले. जॉन तसाच शिकला. परंतु एकदा खोल पाण्यात तो घाबरला, हातपाय चालेनासे झाले आणि तो बुडू लागला. मोठ्या कष्टाने पाण्याखालून सरपटत त्याने काठ गाठला. जीव वाचला, परंतु आपण घाबरलो याची त्याला फार लाज वाटली. पुढे संधी मिळताच तो एकटाच नाव वल्हवीत सरोवराच्या मध्यभागी गेला आणि भीती पार नाहीशी होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाण्यात उड्या घेत राहिला. असे धाडस कोणी एकट्याने करू नये, हे खरे. परंतु त्याच्या मनाची घडण यावरून ध्यानात येते.

काही वर्षांनी कुटुंब जवळच्याच हिकरी हिल नावाच्या शेतावर राहावयास गेले. तेथे पाणी नव्हते, म्हणून विहीर खणण्याचे काम जॉनवर आले. थोडी माती संपताच खाली कठीण वालुकाश्म लागला. तीन फूट रुंदीच्या त्या खड्ड्यात उतरून जॉन महिनोन् महिने छिन्नी व हातोडा चालवीत असे. सकाळी बादलीतून त्याला खाली सोडीत आणि रात्री वर ओढून घेत. विहीर सुमारे ऐंशी फूट खोल गेली असता एके सकाळी तो तळाशी उतरला आणि त्याला घेरी आली. रात्रीतून तेथे विषारी वायू साचला होता. भिंतीला टेकून त्याने वर पाहिले, तेव्हा विहिरीच्या तोंडावर झुकलेली ओकची एक फांदी त्याच्या दृष्टीस पडली आणि तो थोडा सावध झाला. वर ओढण्याविषयी त्याने क्षीण स्वरात विनविले. वडिलांनी ओरडून त्याला बादलीत बसावयास लावले आणि अर्धवट शुद्धीत असलेला मुलगा वर आला. विहिरीत पाणी व गवताचे भारे टाकून दूषित हवा कशी घालवावी, हे एका अनुभवी शेजाऱ्याने दाखविले. मग थोड्याच दिवसांत जॉन पुन्हा विहिरीत उतरला आणि नव्वद फुटांवर त्याने पाणी आणले.

दिवसभर असे श्रम करूनही जॉनची ज्ञानाची तहान भागत नसे. रात्री वाचण्यास वडिलांची मनाई होती. मात्र पहाटे हवे तितके लवकर उठण्याची त्यांनी परवानगी दिली. मग काय! जॉन मध्यरात्रीनंतर एक वाजताच उठू लागला. थंडीने बोटे आखडत असतानाही तळघरात बसून तो लाकडाची यंत्रे तयार करी. त्याने लाकडी घड्याळे बनविली आणि ठरावीक वेळी झोपलेल्यास पलंगासकट उभे करणारे एक गमतीचे यंत्रही बनविले. ही यंत्रे घेऊन १८६० साली तो मॅडिसन शहरातील प्रदर्शनात गेला. लोकांनी त्यांचे फार कौतुक केले. पुढे त्याच शहरातील विद्यापीठात त्याने प्रवेश मिळविला.

विद्यापीठात एके दिवशी एका सोबत्याने त्याला लोकस्ट नावाच्या उंच झाडाचे फूल दाखविले आणि हे झाड वाटाण्याच्या कुळातील आहे, असे समजावून सांगितले. कोठे तो प्रचंड वृक्ष आणि कोठे तो नाजूक वेल! परंतु दोघांची फुले व शेंगा यांची रचना एकसारखी होती. सृष्टीतील वरवर भिन्न दिसणाऱ्या वस्तू आतून एकमेकींशी जोडलेल्या असतात, हे जॉनला प्रथमच उमगले. त्या दिवसापासून वनस्पतिशास्त्राने त्याला झपाटले. १८६३ साली पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले.

यानंतर काही काळ म्यूर यांनी कॅनडात व नंतर इंडियानापोलिस शहरात कारखान्यांतून काम केले. यंत्रकामातील त्यांचे कौशल्य पाहून मालक त्यांच्यावर खूष होते. धन व मान दोन्ही मिळण्याची चिन्हे दिसत होती. इतक्यात मार्च १८६७ मध्ये एक भयंकर अपघात घडला. यंत्राचा पट्टा सोडविताना हातातील कानस निसटली आणि तिचे टोक त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसले. थोड्याच वेळात दुसऱ्या डोळ्यापुढेही अंधार पसरला. डोळ्यांना प्रकाश लागू नये म्हणून त्यांना काही आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. रानातील फुले आता पुन्हा दिसणार नाहीत, या विचाराने त्यांचे मन व्याकूळ झाले. परंतु हळूहळू दृष्टी परत आली. गमावलेले धन पुन्हा हाती आले म्हणजे त्याचे मोल कळते. परत मिळालेली दृष्टी यंत्रे पाहण्यात घालवावयाची नाही, असा म्यूर यांनी निश्चय केला.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ते केंटकी राज्यातून दक्षिणेकडे पायी निघाले. पाठीवरच्या लहानशा पिशवीत कंगवा, टॉवेल, कपड्यांचा एक जोड आणि दोनतीन पुस्तके. वनस्पतींचे नमुने दाबून ठेवण्याची पाटीही सोबत होती. बस्स, एवढाच संसार! रस्ता निवडताना ते सर्वांत कमी वर्दळीची, सर्वांत दाट झाडीची वाट पाहत. सव्हाना शहराजवळ पैसे संपले. घरून यावयाची रक्कम येईपर्यंत त्यांनी काही रात्री तेथील दफनभूमीत वृक्षांखाली झोपून काढल्या. सुमारे एक हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर, चालून ते फ्लॉरिडातील सीडर की या समुद्रकाठच्या गावी पोहोचले आणि तेथे हिवतापाने अंथरुणास खिळले. बरे झाल्यावर क्यूबा, न्यूयॉर्क व पनामा या मार्गाने मार्च १८६८ मध्ये ते कॅलिफोर्नियात उतरले. सॅन फ्रॅन्सिस्को शहरात पाऊल ठेवताच त्यांनी शहराबाहेर पडण्याचा रस्ता धरला आणि ते सिएरा नेवाडा पर्वताच्या दिशेने चालू लागले.

या पर्वतराजीत योसेमिटी नावाची एक अद्भुत दरी आहे. तिच्या दोन्ही अंगांना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे उभे असून त्यांवरून मोठमोठे धबधबे कोसळतात. १८६९ च्या उन्हाळ्यात म्यूर यांनी मेंढरांच्या एका कळपाबरोबर जाण्याचे काम पत्करले. सुमारे दोन हजार मेंढरे उंचावरील टुओलमी कुरणांकडे न्यावयाची होती. वाटेत टेनाया नावाचे सरोवर लागले. त्याच्या भोवतीचे खडक आरशासारखे चकचकीत होते. सूर्य वर आला की पाणी व पाषाण एकदमच झळकू लागत. म्यूर तासन् तास त्या काठाने हिंडत आणि खडक न्याहाळीत. खडकांवर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा होत्या. मध्येच कोठे तरी, कोणीतरी आणून ठेवावेत तसे परक्या जातीचे धोंडे पडलेले होते. हे सर्व कोणी केले असावे?

या सरोवराची आणखी एक कथा आहे. योसेमिटीच्या परिसरात अनेक पिढ्यांपासून आवानीची नावाचे आदिवासी राहत असत. चकाकणाऱ्या खडकांचे सरोवर, अशा अर्थाचे नाव त्यांनीच त्याला दिले होते. १८५१ साली गोऱ्यांच्या सशस्त्र तुकडीने त्यांना येथून हुसकावून लावण्यासाठी मोहीम काढली आणि त्यांच्या वृद्ध नायकाच्या माणसांना याच काठावर पकडले. त्या नायकाचे नाव टेनाया. सैनिकांनी सरोवराला त्याचे नाव दिले, तेव्हा त्याला मुळीच आनंद झाला नाही. सरोवराला नाव आधीपासूनच आहे, असे त्याने सांगितले. ज्या भूमीला नवागत लोक निर्जन रान म्हणत, ती कोणाची तरी जन्मभूमी होती. हे सत्य तरुण म्यूर यांना पुरते कळले नव्हते. त्या काळी त्यांनी आदिवासींविषयी काही अनुदार उद्गार लिहून ठेवले आहेत. पुढे अलास्कात तेथील ट्लिंगिट लोकांच्या सोबतीने नावेतून प्रवास करताना त्यांच्या मनात या लोकांविषयी आदर निर्माण झाला. थोर माणसांच्या चुकाही आपण ठाऊक करून घ्याव्यात. त्यामुळे त्यांचे खरे कार्य लहान होत नाही.

आता त्या चकाकणाऱ्या खडकांकडे पुन्हा वळू. योसेमिटीची दरी भूकंपासारख्या उत्पातात जमीन खचून निर्माण झाली, असे राज्याचे प्रमुख भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांचे मत होते. म्यूर यांना ते पटेना. पोटापुरते एका लाकूडगिरणीत काम करावे, तेही वाऱ्याने पडलेल्या झाडांवरच, आणि उरलेला वेळ डोंगरात घालवावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. थोडी भाकरी, थोडा चहा आणि एक टिपणवही घेऊन ते दिवसचे दिवस एकटेच हिंडत. हळूहळू त्यांच्या मनात उत्तर स्पष्ट होऊ लागले. प्राचीन काळी हा सारा प्रदेश बर्फाखाली होता. शेकडो फूट जाडीचे ते बर्फ स्वतःच्या भाराने उताराकडे अतिशय मंद गतीने सरकत असे. अशा सरकणाऱ्या बर्फाच्या प्रवाहाला हिमनदी म्हणतात. तिच्या तळाशी अडकलेले दगड व रेती कानशीसारखी खडकांना घासत जातात. त्यामुळे खडकांना झिलई चढते आणि रेघा उमटतात. मऊ किंवा भेगाळलेल्या जागी हिमनदी खोलगट खळगा कोरते. पुढे हवामान उबदार होऊन बर्फ वितळले की तिने वाहून आणलेले धोंडे तेथेच राहतात आणि खळग्यात पाणी साचून सरोवर बनते. टेनाया सरोवर असेच जन्मास आले होते.

विद्वानांनी प्रथम या विचाराची थट्टा केली. एक मेंढपाळ भूशास्त्र काय जाणणार, असे त्यांना वाटले. म्यूर यांनी वाद घातला नाही. त्यांनी पुरावा शोधला. १८७१ साली त्यांना उंच शिखरांच्या सावलीत एक जिवंत हिमनदी आढळली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या एका शिखरावरील हिमनदीत त्यांनी सरळ रेषेत खुंट्या रोवल्या. सुमारे दीड महिन्याने जाऊन पाहतात तो खुंट्यांची रेषा वाकलेली! मधल्या खुंट्या सर्वांत अधिक, म्हणजे दिवसाला सुमारे एक इंच या वेगाने पुढे सरकल्या होत्या. त्यांचे सर्वच तर्क बिनचूक ठरले नाहीत. दरी घडविण्यात हिमनद्यांबरोबर वाहत्या नद्यांचाही मोठा वाटा आहे, असे पुढील संशोधकांनी दाखविले. परंतु हिमनद्यांविषयीचे त्यांचे मुख्य म्हणणे खरे ठरले, आणि ते त्यांनी पायांनी चालून व डोळ्यांनी पाहून सिद्ध केले होते.

हिमनद्यांच्या ओढीने म्यूर १८७९ साली अलास्कात गेले. दुसऱ्या वर्षीच्या सफरीत स्टिकीन नावाचा एक लहानसा कुत्रा त्यांच्या सोबत होता. एके दिवशी वादळी पावसात ते दोघे एका विस्तीर्ण हिमनदीवर गेले असता परतीच्या वाटेवर एक रुंद व खोल भेग आडवी आली. तिच्यावर बर्फाचा एकच अरुंद पूल होता आणि तोही दोन्ही बाजूंच्या काठांपासून बराच खाली. म्यूर यांनी कुऱ्हाडीने पायऱ्या खोदल्या, पुलावर घोड्यावर बसावे तसे बसून ते इंच इंच पुढे सरकले आणि पलीकडे चढले. स्टिकीन मात्र मागे राहून आक्रोश करू लागला. म्यूर यांनी त्याला पुन्हा पुन्हा धीर दिला. अखेर तो चिमुकला जीव एकेक पाऊल जपून टाकीत पुलावरून आला, शेवटच्या पायऱ्या झपाट्याने चढला आणि आनंदाने वेड्यासारखा नाचू लागला. भय व आनंद माणसाप्रमाणेच मुक्या प्राण्यालाही असतात, हे म्यूर यांच्या अंतःकरणात त्या दिवशी कायमचे कोरले गेले.

त्याच वर्षी, १८८० च्या एप्रिलमध्ये, लुई स्ट्रेंट्झेल या विदुषीशी त्यांचा विवाह झाला होता. मार्टिनेझ येथील सासऱ्यांच्या फळबागा त्यांनी मोठ्या कष्टाने नावारूपास आणल्या. वांडा व हेलन या दोन कन्या झाल्या. संसार सुखाचा होता. परंतु रानापासून दूर राहिल्याने म्यूर यांची प्रकृती खालावू लागली. पत्नीने हे ओळखले आणि त्यांनी डोंगरात जावे, लिहावे, असा आग्रह धरला.

१८८९ साली रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन नावाच्या संपादकाबरोबर म्यूर पुन्हा टुओलमी कुरणात गेले. रात्री शेकोटीजवळ दोघे बोलत बसले. म्यूर यांनी पूर्वी वर्णिलेली फुले कोठे आहेत, असे जॉन्सन यांनी विचारले. फुले उरलीच नव्हती. वर्षानुवर्षे हजारो मेंढरांनी ती खाऊन व तुडवून टाकली होती. ज्या कळपांबरोबर म्यूर प्रथम येथे आले, तशाच कळपांनी हे केले होते. या कुरणांत पावसाचे व बर्फाचे पाणी मुरते आणि नद्यांना वर्षभर पुरते. ती उजाड झाली तर खालचे धबधबेही आटतील. जॉन्सन यांनी म्यूर यांना लेख लिहावयास सांगितले. ते लेख देशभर वाचले गेले आणि १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटीच्या परिसराला राष्ट्रीय उद्यान करणारा कायदा झाला. १८९२ साली सिएरा क्लब ही संस्था स्थापन झाली आणि म्यूर तिचे अध्यक्ष झाले. मृत्यूपर्यंत ते त्या पदावर होते.

१९०३ च्या मे महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटीत आले. स्वागतसमारंभ व मेजवान्या सोडून त्यांनी म्यूर यांच्याबरोबर तीन रात्री उघड्या रानात मुक्काम केला. पहिली रात्र प्रचंड सिकोया वृक्षांच्या तळी गेली. दुसऱ्या रात्री उंच कड्याजवळ ते झोपले असता बर्फ पडले आणि सकाळी पांघरुणांवर पांढरा थर साचलेला आढळला. राष्ट्राध्यक्ष खूष झाले! शेकोटीच्या उजेडात म्यूर यांनी त्यांना अरण्यांची दैन्यावस्था सांगितली. रूझवेल्ट यांना निसर्गाची आवड पूर्वीपासूनच होती. त्यांच्या कारकिर्दीत पाच नवी राष्ट्रीय उद्याने झाली, आणि राज्याच्या ताब्यात राहिलेली योसेमिटीची मूळ दरी १९०६ साली राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाली. त्या मुक्कामानंतर म्यूर जगप्रवासास निघाले. त्या प्रवासात ते आपल्या देशातही आले आणि हिमालयाची शिखरे व देवदारांची वने पाहून गेले.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग जवळ येत होता. योसेमिटीच्या उत्तरेस, राष्ट्रीय उद्यानाच्याच हद्दीत, हेच हेची नावाची एक दरी होती. तिच्यातून टुओलमी नदी वाहत असे. कडे, धबधबे, कुरणे या सर्वांनी ती योसेमिटीची धाकटी बहीणच शोभत होती. १९०६ साली सॅन फ्रॅन्सिस्को शहरात भयंकर भूकंप झाला व आग लागली. वाढत्या शहराला पाण्याची मोठी गरज होती. त्यासाठी हेच हेचीच्या तोंडाशी धरण बांधून संपूर्ण दरीचे जलाशयात रूपांतर करावे, अशी योजना पुढे आली. माणसांना पाणी हवे, हे कोण नाकारील? म्यूर यांनीही ते नाकारले नाही. पाणी दुसऱ्या ठिकाणाहून आणता येईल. परंतु बुडालेली दरी दुसरी आणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय जी भूमी सर्व राष्ट्रासाठी कायद्याने राखली आहे, तीच पहिल्या गरजेबरोबर मोडीत काढली, तर कोणते उद्यान सुरक्षित राहील?

हा झगडा अनेक वर्षे चालला. पूर्वीचे काही स्नेहीही विरुद्ध बाजूस गेले. वृद्ध म्यूर रात्रंदिवस पत्रे व लेख लिहीत राहिले. अखेर १९ डिसेंबर १९१३ रोजी धरणाला परवानगी देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची सही झाली. म्यूर हरले. दुसऱ्याच वर्षी, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिस येथे न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ७६ वर्षांचे होते. १९२३ साली धरण पुरे झाले आणि हेच हेचीची कुरणे पाण्याखाली गेली. ते पाणी आजही सॅन फ्रॅन्सिस्को व त्याच्या परिसरातील पंचवीस लाखांहून अधिक लोकांची तहान भागविते. मग म्यूर यांचे श्रम व्यर्थ गेले काय? नाही. या झगड्याने अमेरिकेतील लोक जागे झाले. १९१६ साली राष्ट्रीय उद्यानांची देखभाल करण्यासाठी सरकारने स्वतंत्र खाते स्थापन केले. माणसाची गरज व निसर्गाचे रक्षण यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न प्रत्येक देशापुढे आजही उभा आहे.

म्यूर यांच्या स्मरणार्थ योसेमिटी दरीपासून व्हिटनी शिखरापर्यंत एक पाऊलवाट तयार करण्यात आली. १९१५ साली तिचे काम सुरू झाले आणि १९३८ साली, म्हणजे त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ते पुरे झाले. सुमारे ३४० किलोमीटर लांबीची ही वाट टुओलमी कुरणातून जाते आणि पुढे कितीतरी निळ्या सरोवरांच्या काठाकाठाने वर चढते. तिच्यावरून जाणाऱ्याला आधी परवाना घ्यावा लागतो. अस्वलांना उघडता येणार नाही अशा डब्यात अन्न ठेवावे लागते. रात्रीचा तळ पाण्यापासून निदान तीस मीटर दूर टाकावा लागतो, म्हणजे काठावरचे गवत तुडविले जात नाही आणि पाणी स्वच्छ राहते. आपला कचराही आपणच परत न्यावयाचा असतो. जी वाट पुढच्या माणसालाही तशीच सापडावी असे वाटते, तिच्यावरून जाण्याची हीच रीत आहे.

परंतु म्यूर यांचे सर्वांत आवडते सरोवर यांपैकी कोणतेच नव्हते. तारुण्यात घर सोडल्यानंतर त्यांनी फाउंटन लेकच्या काठचे ओले कुरण विकत घेण्याचा प्रयत्न केला होता. शेत तेव्हा त्यांच्या मेहुण्याच्या मालकीचे होते. कुरणाला कुंपण घालून तेथील फुले व नेचे गुराढोरांपासून राखावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. कुंपण गुरांपुढे टिकावयाचे नाही, असे मेहुण्यांना वाटले आणि ती इच्छा अपुरी राहिली. जगप्रसिद्ध उद्याने राखणाऱ्या या पुरुषाला आपल्या बालपणीचे लहानसे कुरण राखता आले नाही.

म्यूर यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी मात्र ते काम इतरांनी पुरे केले. सरोवर व त्याचा काठ सार्वजनिक उद्यान म्हणून राखला गेला आणि १९९० साली त्या जुन्या शेताची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत गणना झाली. आता त्या सरोवराला वळसा घालून एक साधी पाऊलवाट जाते. ती फार लांब नाही. मुलेही सहज चालून येतात. ओकची झाडे, ओले कुरण आणि पाण्यावरील शुभ्र कमळे त्यांना दिसतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक अकरा वर्षांचा मुलगा येथेच गाडीतून उडी टाकून झाडाकडे धावला होता.